श्वास घेतला आणि गाठ सरकली: दोन स्कॅन एकमेकांशी जुळवतात तरी कसे?

पवनीतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. वडिलांच्या फुफ्फुसात गाठ आहे. तीन महिन्यांपूर्वी नागपूरला सीटी स्कॅन झाला, औषधं सुरू झाली आणि आता दुसरा स्कॅन झालाय. भिवापूर, उमरेडमार्गे साधारण ८० किलोमीटरचा प्रवास करून घरी परतल्यावर मुलगा दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात धरतो. जुन्या फिल्मवर गाठ तिसऱ्या ओळीतल्या चौकटीत दिसते. नव्या फिल्मवर तीच गाठ एक ओळ खाली आहे. घरात शांतता पसरते. मग कुणीतरी विचारतं, "पसरली का?"

अनेकदा याचं उत्तर साधं असतं. गाठ कुठेही गेलेली नसते. दुसऱ्या स्कॅनच्या वेळी वडिलांनी श्वास जास्त खोल घेतलेला असतो, इतकंच. पण काही वेळा गाठ खरोखर वाढलेली असते, आणि तो बदल श्वासाच्या फरकाआड लपू शकतो. हे दोन प्रकार वेगळे करता आले नाहीत, तर उपचार विनाकारण बदलला जाईल किंवा बदलायला हवा तेव्हा बदलला जाणार नाही.

हा फरक ओळखण्यासाठी डॉक्टर आणि संगणक दोन्ही स्कॅन एकमेकांवर बसवून बघतात. या कामाला 'इमेज रजिस्ट्रेशन' म्हणतात. ओपीडीच्या खिडकीवर चिठ्ठी काढतो ते रजिस्ट्रेशन वेगळं आणि हे वेगळं. गोंधळ नको म्हणून या लेखात आपण त्याला 'जुळवणी' म्हणूया. ती करायच्या पद्धती अनेक आहेत. कोणती कशी काम करते, कुठे चुकते आणि श्वासाच्या बाबतीत कोणती बरी, हे समजून घेऊया.

श्वासामुळे नेमकं काय हलतं?

आराम करत असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. प्रत्येक श्वासाला छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू, म्हणजे श्वासपटल, खाली जातो आणि पुन्हा वर येतो. शांत श्वासातही तो एक-दोन सेंटीमीटर हलू शकतो. खोल श्वासात त्याहून बराच जास्त.

श्वासपटलाला लागून असलेली प्रत्येक गोष्ट त्याच्यासोबत हलते. यकृत, स्वादुपिंड, किडनी आणि फुफ्फुसाचा खालचा भाग हे सगळे वर-खाली होतात. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाजवळची गाठ सहसा कमी हलते, तर खालच्या भागातली जास्त.

आता स्कॅनचा वेग बघा.

• सीटी स्कॅनमध्ये छातीचं चित्र काही सेकंदांत निघतं. तेवढा वेळ श्वास रोखता आला तर चित्र स्वच्छ येतं. पण श्वास किती भरून रोखला, हे प्रत्येक वेळी वेगळं असू शकतं.

• एमआरआयमध्ये पोटाच्या एकेका चित्रमालिकेसाठी बऱ्याचदा १५-२० सेकंद श्वास रोखावा लागतो. दम लागणाऱ्या माणसासाठी हे सोपं नाही.

• पेट-सीटीमध्ये पेटचा भाग शरीराच्या एकेका टप्प्याला काही मिनिटं घेतो. तेवढ्यात रुग्णाचे कितीतरी श्वास होऊन जातात. म्हणजे पेटचं चित्र अनेक श्वासांची सरासरी असतं, तर सोबतचं सीटीचं चित्र एका क्षणाचं. दोन्ही एकावर एक ठेवल्यावर यकृताच्या वरच्या टोकावरची गाठ फुफ्फुसात असल्यासारखी दिसू शकते. डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत असतो, पण फोटो बघणाऱ्या घरच्यांना तो माहीत नसतो.

रेडिओथेरपीसाठी (ज्याला आपल्याकडे 'शेक देणं' किंवा 'लाइट देणं' म्हणतात) आणखी एक प्रकार वापरला जातो, फोर-डी सीटी. यात रुग्ण नेहमीसारखा श्वास घेत राहतो. पोटावर ठेवलेली खूण किंवा बांधलेला पट्टा श्वासाची लय टिपत असतो. नंतर संगणक सगळी चित्रं श्वासाच्या टप्प्यांनुसार वेगळी करतो, सहसा १० टप्प्यांमध्ये. गाठ एका श्वासात कुठून कुठे जाते, याचा जणू छोटा व्हिडिओच तयार होतो. मात्र श्वास अनियमित असेल तर या व्हिडिओतही तुटक पायऱ्या दिसतात.

जुळवणी म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरं

कुठलीही पद्धत घ्या, तिला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात.

पहिली, एक चित्र दुसऱ्यावर बसवताना ते कसं हलवायची परवानगी आहे? फक्त सरकवायचं आणि फिरवायचं, की ताणायचंही?

दुसरी, चित्र जुळलं हे मोजायचं कसं? दोन्ही चित्रं सीटीची असतील तर त्याच जागी तसाच उजळपणा असावा, एवढी अपेक्षा ठेवता येते. पण एक सीटी आणि दुसरं एमआरआय असेल तर एकात पांढरं दिसणारं हाड दुसऱ्यात काळं दिसू शकतं. अशा वेळी १९९० च्या दशकात पुढे आलेलं 'म्युच्युअल इन्फर्मेशन' हे माप कामी येतं. दोन माणसं वेगवेगळ्या भाषा बोलत असली, तरी एकाच वस्तूसाठी प्रत्येक जण दर वेळी आपला ठरलेला शब्द वापरत असेल, तर दोघं एकाच वस्तूबद्दल बोलतायत हे ओळखता येतं. हे माप तसंच काम करतं. उजळपणा सारखा आहे का, हे ते विचारत नाही. दोन चित्रांतलं नातं सगळीकडे तेच आहे का, हे विचारतं.

तिसरी, सगळ्यात चांगली जुळणारी जागा शोधायची कशी? संगणक थोडं हलवतो, माप घेतो, पुन्हा हलवतो. सुधारणा थांबेपर्यंत हे चालू राहतं.

या तीन उत्तरांवरून पद्धती वेगळ्या होतात. आता एकेक बघू. समजायला सोपं जावं म्हणून वैनगंगेच्या काठावर जाऊ.

पद्धत १: ताठ जुळवणी

घाटावरून नदीपलीकडच्या एखाद्या देवळाचे दोन फोटो काढा, एक आज आणि एक उद्या. मोबाइल थोडा तिरका धरला गेला असेल, तुम्ही दोन पावलं बाजूला असाल. एक फोटो जरा सरकवला, जरा फिरवला की देऊळ देवळावर बसतं. कारण देऊळ स्वतः हललेलं नाही.

ही झाली ताठ जुळवणी. तीन दिशांना सरकवणं आणि तीन अक्षांभोवती फिरवणं, असे फक्त सहा आकडे शोधायचे असतात. कवटी, मेंदू, पाठीचा कणा अशा न वाकणाऱ्या भागांसाठी ही पद्धत उत्तम. ती झटपट होते, तपासायला सोपी आहे आणि चुकली तर लगेच डोळ्यांना दिसते. रेडिओथेरपीच्या टेबलावर रुग्ण रोज त्याच जागी झोपलाय का, हे बघताना आजही प्रामुख्याने हीच वापरतात.

याच पद्धतीची थोडी मोकळी आवृत्ती म्हणजे अफाइन जुळवणी. यात एकसारखं ताणणं आणि तिरकं करणंही चालतं, आणि आकडे १२ होतात. पण श्वासाच्या बाबतीत दोन्ही कमी पडतात, कारण फुफ्फुस देवळासारखं नाही. ते देवळाच्या पाण्यातल्या प्रतिबिंबासारखं आहे. एक भाग लांबतो, दुसरा आखडतो, तिसरा जागेवर असतो. प्रतिबिंबाचे दोन फोटो नुसते सरकवून जुळणार नाहीत.

पद्धत २: खुणा जुळवणं

दोन्ही चित्रांत ओळखू येतील अशा खुणा शोधायच्या. फुफ्फुसात रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत जातात. प्रत्येक फाटा ही एक खूण. आधीच्या स्कॅनमधला फाटा नव्या स्कॅनमध्ये कुठे गेला, हे कळलं की आसपासचा भाग कुठे गेला असेल याचा अंदाज बांधता येतो.

फायदा असा की प्रत्येक खूण डॉक्टर स्वतः तपासू शकतात. तोटा असा की जिथे खुणाच नाहीत तिथे अंदाजावर चालावं लागतं. यकृत सीटीमध्ये बरंचसं एकसारखं राखाडी दिसतं. म्हणून यकृत किंवा फुफ्फुसाच्या काही उपचारांत गाठीजवळ सोन्याचे बारीक दाणे सुईने ठेवतात. ते एक्स-रेमध्ये लख्ख दिसतात. त्यासाठी सुई टोचावी लागते, आणि फुफ्फुसात तशी टोचणी अगदीच बिनधोक नसते.

पद्धत ३: जाळं टाकून ओढणं

चित्रावर मासे पकडायचं जाळं पसरल्याची कल्पना करा. जाळ्याचा एक सांधा ओढला की त्याच्या शेजारचे सांधे थोडे सरकतात आणि लांबचे जागेवर राहतात. संगणक प्रत्येक सांधा कुठे ओढायचा ते शोधतो, आणि खालचं चित्र जाळ्यासोबत ताणलं जातं.

या पद्धतीचं तांत्रिक नाव बी-स्प्लाइन फ्री-फॉर्म डिफॉर्मेशन. डॅनिएल रुकर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये स्तनांच्या एमआरआयसाठी ती मांडली. आज ती सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी आहे. 'इलास्टिक्स' या मोफत सॉफ्टवेअरमधून ती कुणालाही वापरून बघता येते.

यातली खुबी जाळ्याच्या घरांच्या मापात आहे. घरं मोठी ठेवली तर ढोबळ हालचाल पकडली जाते, पण छोटी निसटते. घरं फार बारीक केली तर संगणकाला इतकं स्वातंत्र्य मिळतं की तो नसलेली हालचालही 'शोधून' काढतो. म्हणून सहसा आधी मोठं आणि मग बारीक जाळं, असं टप्प्याटप्प्याने जातात.

पद्धत ४: 'डेमन्स', म्हणजे ठिपक्या-ठिपक्याला ढकलणं

इथे जाळं नसतं. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्रपणे हलायची मुभा असते. दोन चित्रांतला उजळपणाचा फरक बघून प्रत्येक ठिपका इकडे किंवा तिकडे ढकलला जातो आणि मग सगळी हालचाल गुळगुळीत केली जाते. जाँ-फिलिप थिरियाँ या फ्रेंच संशोधकाने १९९८ मध्ये ही पद्धत मांडली. नाव आलंय भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पनेतल्या 'राक्षसा'वरून, जो दारात बसून कुठल्या कणाला आत सोडायचं ते ठरवतो.

ही वेगवान आहे. पण श्वासाच्या बाबतीत तिच्यात एक सापळा आहे. सीटीमध्ये हवा काळी दिसते. सीटीच्या मोजपट्टीवर हवा उणे १०००, तर पाणी शून्य. श्वास आत घेतला की फुफ्फुसात हवा वाढते, तेवढ्याच मांसल भागाला जास्त जागा मिळते आणि तीच जागा आधीपेक्षा काळी दिसते. उजळपणावर विसंबणाऱ्या पद्धतीला वाटतं की हा वेगळाच भाग आहे. मग ती भलतीकडे ढकलते. म्हणून फुफ्फुसासाठी उजळपणातला हा फरक आधी दुरुस्त करावा लागतो, किंवा उजळपणाऐवजी आजूबाजूच्या रचनेची तुलना करावी लागते.

पद्धत ५: घसरण लक्षात घेणारी जुळवणी

पुन्हा घाटावर या. पायऱ्या स्थिर आहेत आणि त्यांना अगदी चिकटून पाणी वाहतंय. या दोघांमध्ये एक रेघ आहे. रेघेच्या एका बाजूला शून्य हालचाल, दुसऱ्या बाजूला भरपूर.

छातीत हेच घडतं. बरगड्यांना लागून फुफ्फुसाचं आवरण असतं आणि मधल्या पातळ द्रवाच्या थरामुळे फुफ्फुस बरगड्यांवरून घसरतं. पण वरच्या बहुतेक पद्धती 'शेजारचे ठिपके साधारण सारखेच हलतील' असं धरून चालतात. त्यामुळे त्या एक तर बरगडीलाही थोडं ओढतात, किंवा फुफ्फुसाच्या कडेची हालचाल कमी दाखवतात. गाठ छातीच्या भिंतीला लागून असेल तर ही चूक महागात पडू शकते.

यावर एक सरळ उपाय म्हणजे फुफ्फुसाची कड आधी आखून घ्यायची आणि आतलं व बाहेरचं वेगवेगळं जुळवायचं. दुसरा उपाय म्हणजे कडेच्या दिशेने घसरायची मोकळीक द्यायची, पण आरपार जायला मनाई करायची. दोन्ही उपायांनी निकाल सुधारतो. मात्र कड चुकीची आखली गेली तर पुढचं सगळंच चुकतं.

पद्धत ६: शिकलेला संगणक

आधीच्या पद्धतींमध्ये प्रत्येक नव्या रुग्णासाठी शोध पहिल्यापासून सुरू होतो. त्याला काही मिनिटं, कधी जास्तही वेळ लागतो. डीप लर्निंगमध्ये संगणकाला आधीच शेकडो-हजारो स्कॅन दाखवून शिकवलेलं असतं. मग नवी जोडी दिली की उत्तर काही सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर येतं. २०१८ च्या सुमारास आलेली 'व्हॉक्सेलमॉर्फ' ही पद्धत या वाटेवरचं ठळक नाव.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. व्हॉक्सेलमॉर्फ आधी मेंदूच्या एमआरआयवर दाखवली गेली, आणि मेंदू श्वासाबरोबर फुफ्फुसासारखा हलत नाही. पूर्ण श्वास आणि पूर्ण उच्छ्वास यांच्यात फुफ्फुसाचा एखादा बिंदू दोन-तीन सेंटीमीटर सरकू शकतो. एवढी मोठी उडी या पद्धतींना अवघड जाते. म्हणून पुढे त्यात टप्पे घातले गेले, आणि अनेकदा शेवटचा हात जुन्या पद्धतीनेच फिरवला जातो. शिवाय शिकवताना दाखवलेले स्कॅन आणि समोरच्या रुग्णाचा स्कॅन यांत फार फरक असेल, तर उत्तर चुकीचं असूनही तितक्याच वेगाने आणि तितक्याच गुळगुळीतपणे येतं.

मग जिंकलं कोण?

हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. प्रत्येक जण आपल्याच पद्धतीला आपल्याच स्कॅनवर सर्वोत्तम म्हणत होता. म्हणून सगळ्यांसाठी एकच परीक्षा ठेवण्यात आली.

२०१० मध्ये 'एम्पायर-१०' नावाची स्पर्धा झाली. छातीच्या सीटी स्कॅनच्या ३० जोड्या सगळ्यांना देण्यात आल्या. यातल्या काही जोड्या चक्क मेंढ्यांच्या फुफ्फुसांच्या होत्या. पहिल्या फेरीत २० पद्धती उतरल्या. गुण चार गोष्टींवर होते: फुफ्फुसाची कड जुळते का, फुफ्फुसाच्या कप्प्यांमधल्या भेगा जुळतात का, आतल्या खुणा जुळतात का, आणि जुळवताना चित्राला घडी तर पडत नाही ना.

दुसरी नावाजलेली कसोटी म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सासमधून आलेला 'डीआयआर-लॅब' हा संच. यात १० रुग्णांचे फोर-डी सीटी आहेत आणि प्रत्येकात तज्ज्ञांनी हाताने शोधलेल्या ३०० खुणा. जुळवणी करण्याआधी श्वास आणि उच्छ्वास यांतल्या खुणांमध्ये सरासरी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास अंतर होतं. चांगल्या पद्धती ते एक मिलिमीटरच्या आसपास आणतात.

पण या स्कॅनमधला एकेक काप २.५ मिलिमीटर जाडीचा आहे. म्हणजे ०.९ आणि १.१ मिलिमीटरमध्ये कोण श्रेष्ठ, हे भांडण रुग्णासाठी फारसं महत्त्वाचं नाही. शिवाय खुणा मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या फाट्यांवर असतात, तेही निरोगी भागात. जिथे फाटे दिसत नाहीत तिथे, किंवा खुद्द गाठीच्या आत, जुळवणी किती बरोबर आहे हे त्या आकड्यातून कळत नाही.

याच संशोधकांनी पुढे धूम्रपानामुळे फुफ्फुसं खराब झालेल्या रुग्णांच्या स्कॅनचाही संच दिला. त्यात हालचाल जास्त आहे आणि परीक्षाही अवघड. आपल्यासाठी हे महत्त्वाचं, कारण भंडारा-गोंदिया हा पिढ्यान्‌पिढ्या बिडी उद्योगाचा पट्टा आहे. विडी ओढून ओढून ज्यांची फुफ्फुसं फुगलेली आहेत, त्यांच्या काही भागांत हवा अडकून राहते आणि तो भाग श्वासाबरोबर नीट आकुंचन पावत नाही. निरोगी फुफ्फुसावर छान चालणारी पद्धत इथे तितकीच चालेल, असं धरता येत नाही.

चित्र छान जुळलं म्हणजे बरोबर जुळलं का?

नाही. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

ताणायची पूर्ण मोकळीक दिली तर संगणक कुठलंही चित्र कुठल्याही चित्रासारखं करू शकतो. समजा, गाठ औषधाने खरोखर लहान झाली आहे. अति मोकळी जुळवणी जुनी मोठी गाठ आकसून नव्या लहान गाठीवर तंतोतंत बसवेल. पडद्यावर दोन्ही चित्रं हुबेहूब सारखी दिसतील, आणि डॉक्टरांना जो बदल बघायचा होता तोच पुसला जाईल. वाढलेल्या गाठीच्या बाबतीत उलटं, पण तितकंच घातक.

म्हणून जुळलेल्या चित्रासोबत 'कुठे किती ताणलं' याचा नकाशाही तपासतात. एखाद्या जागी चित्र स्वतःवरच दुमडलं असेल, तर ते अशक्य आहे. शरीरातला मांसल भाग असा घडी पडून स्वतःतून आरपार जात नाही. घडी पडूच नये अशा रचनेच्या पद्धतीही आहेत. 'अँट्स' या मोफत सॉफ्टवेअरमधली पद्धत तशीच. पण घडी नाही म्हणजे उत्तर बरोबर, असंही नाही. फक्त एक प्रकारची चूक टळते.

अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुळवणीबद्दल स्वतंत्र मार्गदर्शक अहवाल काढला. त्याचा गाभा हाच आहे: सॉफ्टवेअर विकत घेताना एकदा तपासून भागत नाही. जुळवणी ज्या रुग्णासाठी वापरायची, त्या रुग्णाच्या बाबतीत ती नजरेने आणि मोजून तपासायला हवी.

उपचारात याचा फरक किती पडतो?

रेडिओथेरपीत खूप. किरण गाठीवर हवेत आणि शेजारच्या निरोगी भागावर कमीत कमी. गाठ श्वासाबरोबर हलत असेल तर दोनच वाटा असतात: जास्त मोठा भाग किरणांखाली घ्यायचा, किंवा हालचालीला आवर घालायचा. याच संघटनेच्या २००६ च्या अहवालाने एक रेघ आखून दिली: गाठ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर हालचालीचा विचार करून उपचार करावा. त्यासाठी रुग्णाला श्वास रोखायला सांगतात, पोटावर पट्टा बांधून श्वास उथळ ठेवतात, किंवा श्वासाच्या ठराविक टप्प्यालाच किरण सोडतात. डाव्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये खोल श्वास रोखायला सांगतात, कारण तेव्हा हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जातं.

२०२३ मध्ये खारघरला टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक केंद्रात प्रोटॉन उपचार सुरू झाले. प्रोटॉन एका ठराविक खोलीवर जाऊन थांबतात, ही त्यांची ताकद. पण ती खोली वाटेत काय आहे यावर ठरते. श्वासामुळे वाटेत फुफ्फुसाऐवजी श्वासपटल आलं, तर ते अलीकडेच थांबतील. त्यामुळे हलणाऱ्या गाठींसाठी अचूक जुळवणीची गरज तिथे आणखी वाढते.

चित्र बघून दिलेल्या उपचाराने काय साधतं, याचा पुरावा महाराष्ट्रातूनच आला आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या 'पार्सर' या चाचणीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० महिलांचे दोन गट केले होते. एका गटाला नेहमीची रेडिओथेरपी, दुसऱ्याला चित्र बघून अचूक नेम धरणारी आधुनिक रेडिओथेरपी. तीन वर्षांनी आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास पहिल्या गटात ४२.४ टक्के, तर दुसऱ्यात २१.१ टक्के होता. इथे अवयव हलतात ते मुख्यतः मूत्राशय आणि आतडी भरल्याने, श्वासाने नव्हे. आणि हे श्रेय एकट्या जुळवणीचं नाही, किरणांना आकार देण्याच्या तंत्राचंही आहे. पण अवयव आज कुठे आहे हे बघून उपचार केला की रुग्णाचा त्रास किती कमी होऊ शकतो, हे त्यातून दिसतं.

थोडक्यात: कधी काय?

• मेंदू, कवटी, मणके: ताठ जुळवणी पुरते. जास्त मोकळीक दिली तर उलट नुकसान.

• तीच गाठ वाढली की कमी झाली हे बघणं: आसपासचा भाग जुळवा, पण गाठीला ताणू नका. मोजमाप मूळ चित्रावरच घ्या.

• फोर-डी सीटीमध्ये गाठीचा प्रवास शोधणं: जाळ्याची किंवा ठिपक्यांची पद्धत, उजळपणाची दुरुस्ती करून.

• छातीच्या भिंतीला लागून असलेली गाठ: घसरण लक्षात घेणारी पद्धत.

• यकृतासारखा एकसारखा दिसणारा अवयव: खुणा किंवा दाणे. नुसत्या उजळपणावर विसंबू नये.

• वेळ अगदी कमी, रोजचं काम: शिकलेला संगणक, पण माणसाच्या तपासणीसह.

तुमच्या हातात काय आहे?

सगळ्यात चांगली जुळवणी तीच, जिला फारसं काही दुरुस्त करावं लागत नाही. म्हणजे दोन्ही स्कॅनमध्ये श्वास साधारण सारखा असणं. इथे रुग्ण आणि घरचे खरोखर मदत करू शकतात.

सीडी सांभाळा. रिपोर्टचा कागद आणि फिल्म पुरेशी नाही. फिल्मवर निवडक छोटी चित्रं असतात, ती संगणकात जुळवता येत नाहीत. स्कॅनची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या आणि पुढच्या स्कॅनला सोबत न्या. केंद्र बदलत असाल तर हे आणखीच गरजेचं. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात जा, जामठ्याला जा, एम्सला जा किंवा थेट मुंबई गाठा, जुने स्कॅन सोबत असू द्या.

श्वासाची सूचना आधीच समजून घ्या. अनेक मशीनमधून रेकॉर्ड केलेला आवाज येतो, तोही बऱ्याचदा हिंदी किंवा इंग्रजीत. आत एकट्या झोपलेल्या आजीला 'होल्ड युअर ब्रेथ' म्हणजे काय हे कळलं नाही, तर ती गोंधळून भलत्याच वेळी श्वास घेते. स्कॅनआधी टेक्निशियनला विचारा: श्वास पूर्ण भरायचा की साधा घ्यायचा? किती वेळ रोखायचा? मग बाहेर बाकड्यावर बसून दोन-तीनदा सराव करून घ्या.

जमत नसेल तर सांगा. दम लागतो, खोकला आहे, ऐकू कमी येतं, हे आधी सांगितलं तर स्कॅन वेगळ्या पद्धतीने करता येतो. न सांगता ओढाताण केली तर चित्र बिघडतं आणि कदाचित पुन्हा यावं लागतं.

जास्त दम दाखवायची गरज नाही. मागच्या वेळेपेक्षा जोरात श्वास भरला तर स्कॅन 'चांगला' येत नाही, फक्त वेगळा येतो. सांगितलं असेल तसा आणि दर वेळी सारखा श्वास हवा.

दोन प्रश्न विचारा. पाठपुराव्याच्या स्कॅननंतर: "जुना स्कॅन शेजारी ठेवून हा वाचला आहे का?" रेडिओथेरपीआधी: "गाठ श्वासाबरोबर किती हलते आणि त्यासाठी काय केलं आहे?" हे प्रश्न विचारायला डॉक्टरी शिकावी लागत नाही.

आता खिडकीत फिल्म धरून उभ्या असलेल्या त्या मुलाकडे परत जाऊ. गाठ एक ओळ खाली दिसली, तर लगेच काही ठरवू नये. त्याच चौकटीत बाजूला श्वासपटल आणि यकृत कुठे आहेत, ते बघावं. तेही तेवढेच खाली आले असतील तर श्वासाची शक्यता मोठी. तरी हा फक्त अंदाज. खरं उत्तर सीडीमध्ये आहे, आणि ती घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जाणं हेच त्याच्या हातातलं सगळ्यात चांगलं काम.